अर्धा कप आणि चार प्लग

२ नोव्हेंबर, रविवार

काल मला चौसष्ट पूर्ण झाली. स्वप्नाने ही वही दिली आणि वहीबरोबर हुकूमही दिला. "पप्पा, रोज अर्धं पान लिहायचं. काहीही लिहा. मी वाचणार नाही, फक्त अक्षर बघेन." आमची मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत घरोघरी जाऊन लोकांचे गुडघे वाकवते. बापाला वाकवायचं तेवढं राहिलं होतं.

अक्षराचं मात्र तिचं बरोबर आहे. कल्याण डेपोत तेहतीस वर्षं एसटीच्या बस दुरुस्त केल्या, पण तिथे माझं नाव निघायचं ते जॉबकार्डावरच्या अक्षरासाठी. या वहीचा कागद जरा गुळगुळीत आहे, त्यामुळे ओळीच्या शेवटी अक्षर बारीक होत जातंय. कागद बघून घ्यायला हवा होता तिने.

आता मुद्द्याचं. स्वप्नाची गाडी जुनी हायब्रीड आहे, म्हणजे थोडी बॅटरीवर चालते आणि थोडी पेट्रोलवर. दोन वर्षांपूर्वी घेतली तेव्हाच दीड लाख किलोमीटर झाले होते, आता दोन लाख सोळा हजार. हल्ली बॅटरीवरून इंजिनवर येताना गाडीला उचकी लागते. ठाण्याच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, प्लग कधी बदललेले दिसत नाहीत, ते आधी बदला. स्वप्नाने हे जेवताना सांगितलं आणि मी म्हणालो, "प्लगसाठी गॅरेज कशाला? मी डोळे मिटून बदलेन."

शांताने माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे बघितलं आणि भात वाढला. आमच्या मंडळींचं बोलणं हे असं असतं.

खरी गोष्ट फक्त वहीला सांगतो. एसटीच्या बस डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. जन्मात मी प्लग बदललाय तो स्वतःच्या स्कूटरचा, तोही एकच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कल्याणला शिवरामच्या दुकानातून चार प्लग आणले, इरिडियमचे. टोक सुईसारखं बारीक आणि डबी दागिन्याची असावी तशी. एक लांब प्लगपानाही घेतला. शिवराम म्हणाला, "काय मास्तर, डिझेल सोडून पेट्रोलच्या घरात?" मी म्हणालो, उतारवयात माणसाने नवीन नाती जोडावीत.

त्याने प्लग हातात घेऊन सांगितलं की याची गॅप ठोकून कमीजास्त करायची नाही आणि जास्त आवळायचं नाही. इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं असतं. प्लग तिरका घुसला तर आटे जातात, आणि आटे गेले की हेड उतरवावं लागतं. मी मान डोलावली. हात खिशात होता.

हाताचंही लिहून टाकतो, कारण ही वही कोणी वाचणार नाही. पावसाळ्यापासून उजवा हात थरथरतो. रिकामा असला की जास्त. कोणाला सांगितलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मी खिशात झाकून ठेवलीय. एकदा सांगितलं की आधी स्कूटरची किल्ली जाईल, मग पाने जातील आणि मग मला खुर्चीत बसवून वर्तमानपत्र देतील. मला त्याची भीती वाटते. म्हणून हे चार प्लग मीच बसवणार. ते नीट बसले तर हात अजून माझा आहे. नाही बसले तर स्वप्नाची गाडी गेली, आणि गाडीवर तिचं सगळं काम आहे.

एक तक्रार. शांता हल्ली चहाचा कप अर्धाच भरते. विचारलं तर म्हणते, दूध महाग झालंय. आणखी मागितला तर पुन्हा अर्धा. म्हणजे एकूण एकच कप होतो, मग बचत कसली? बायकोचा हिशोब मला लग्नापासून कळलेला नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

पौर्णिमा. विहारात पहिली मेणबत्ती लावायचा मान गेली सात वर्षं माझा आहे. आज तीन काड्या वाया गेल्या. हे लोक वंदनेच्या वेळीसुद्धा पंखा चालू ठेवतात. चौथ्या काडीला महेंद्रने माझा हात धरून मेणबत्ती लावली. हा आमचा चिटणीस. म्हणाला, "वारा आहे, सर." नंतर वर बघितलं तर पंखा बंद होता. माझी काडी विझल्यावर कोणीतरी बंद केला असावा.

८ नोव्हेंबर, शनिवार

सोसायटीत गाडी खोलायला परवानगी नाही, तेल सांडतं म्हणे. म्हणून मी आणि स्वप्नाने ती काळुरामच्या शेडमध्ये नेली. काळुराम आमच्याच डेपोत ड्रायव्हर होता. त्याने बस मोडायच्या आणि मी जोडायच्या, अशी आमची मैत्री. आता मानपाड्याला त्याच्या भातशेतीवर दोन टॉवर उभे आहेत आणि तो बंगल्याच्या ओट्यावर बसून मोटारीतल्या लोकांना रस्ता चुकल्याचं सांगत असतो.

आज अब्रू गेली, पण थोडक्यात. गाडी शेडमध्ये लावली, बॉनेट उघडलं. तेहतीस वर्षांची सवय अशी की कान म्हणाला इंजिन बंद, म्हणजे बंद. मी आत वाकलो, आणि इंजिन आपलं आपण सुरू झालं. मी मागे उडालो तो काळुरामच्या पायावर. गाडी तोवर बॅटरीवर चालूच होती, आणि किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात. ही किल्ली लावायला लागतच नाही, जवळ असली तरी पुरते.

काळुराम हसून हसून ओट्यावर बसला. "आरं कुंडलिक, बस धक्का मारून चालू व्हायची, ही तं तुना बघूनच चालू झाली!"

स्वप्ना हसली नाही. तिने बटण दाबून गाडी नीट बंद केली, किल्ली घेतली आणि आत काळुरामच्या बायकोला, तुळसावहिनींना दिली. वहिनींनी ती तांदळाच्या डब्यात ठेवली. म्हणाल्या, "आता भात शिजंल तवाच गारी उठंल." नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, त्यात जबरदस्त करंट असतो, हेही पोरीनेच मला सांगितलं. सगळं मोबाईलवर वाचून आली होती. तेहतीस वर्षांचा अनुभव एका बाजूला आणि मोबाईल एका बाजूला.

इंजिन गार होईपर्यंत वहिनींनी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. मग वायपर काढले, काचेखालचं प्लास्टिकचं झाकण काढलं, तेव्हा कुठे प्लगच्या वरच्या चार कॉइल दिसल्या. प्रत्येकीला एकच बोल्ट. पहिला बोल्ट माझ्या बोटांतून निसटून इंजिनाच्या पोटात गेला. तो शोधण्यात तासभर गेला. मी म्हणालो, बोटं गारठलीत. दुपारचे तीन वाजले होते आणि काळुराम बनियनवर वारा घेत होता.

स्वप्ना म्हणाली, "पप्पा, डाव्या हाताने करून बघा ना." मी म्हटलं, मी काय डावरा आहे? तिने विषय बदलला. गाडी तिथेच ठेवून घरी आलो.

९ नोव्हेंबर, रविवार

जुने चारही प्लग निघाले. आधी फुंकणीने धूळ उडवली, मग पाना लावला. काढताना हात त्रास देत नाही, जोर लावायचा असला की तो शहाण्यासारखा वागतो. टोकं तांबूस तपकिरी, तेल नाही, काजळी नाही. म्हणजे इंजिनाची तब्येत उत्तम. फक्त टोकं झिजून गॅप दुप्पट झालेली. बिचारे दोन लाख किलोमीटर ठिणगी टाकत होते आणि कोणी विचारलं नव्हतं. स्वप्नाने चौघांना ओळीने मांडून फोटो काढला.

मग नवीन बसवायची वेळ आली.

प्लगची जागा खोल विहिरीसारखी, तळाशी आटे, दिसत काही नाही. सगळं बोटांना कळायला हवं. मी पहिला प्लग लांब पान्यात धरून खाली सोडला. तो आट्यांवर टेकला आणि नाचायला लागला. प्लग नाही, मीच. फिरवला. अर्धा फेरा गेला आणि कडक लागला. आणखी जोर लावला असता तर आटे गेलेच असते. उलटा फिरवून बाहेर काढला. आटे वाचले, हे टॉर्च मारून दोनदा बघितलं.

आणि मग मी खोटं बोललो. "हे प्लग चुकीचे आहेत. शिवरामने दुसऱ्याच गाडीचे दिलेत. बदलून आणावे लागतील."

स्वप्नाने डबीवरचा नंबर बघितला. तो बरोबर आहे हे तिला कळतं, मला माहीत आहे. पण ती म्हणाली, "बरं पप्पा." टॉर्च बंद केला आणि चार भोकांवर फडकी घातली. तिचं ते "बरं" मला अजून टोचतंय.

संध्याकाळी तिने वहीच्या पानांचे फोटो काढले. वाचते का विचारलं, तर म्हणाली, "नाही हो, अक्षर." इतकं काय आहे माझ्या अक्षरात?

१० नोव्हेंबर, सोमवार

गाडी नसल्यामुळे स्वप्ना रिक्षा आणि बस करत ठाण्याला गेली. तिथे केशरबाई म्हणून ऐंशीच्या आजी आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. रोज दहा वाजता स्वप्ना त्यांना धरून चालवते. आज ती तासभर उशिरा पोचली. आजींनी वाट बघितली, मग म्हणाल्या असतील, मी काय बाहुली आहे? एकट्याच उठल्या आणि तोल गेला. पलंगावर बसत्या झाल्या म्हणून निभावलं. लागलं नाही.

हे सांगताना स्वप्ना मला काही बोलली नाही. शांता मात्र सकाळी फोनवर बहिणीला म्हणत होती, नाचता येईना अंगण वाकडं. कोणाबद्दल ते विचारलं नाही. आमच्याकडे अंगण नाही, त्यामुळे शोध फार लांब जाणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्लग बदलून आणतो सांगून निघालो. कल्याणला गेलोच नाही. काळुरामकडे गेलो आणि ओट्यावर बसलो. प्लगच्या डब्या पिशवीत.

त्याने विचारलं, "बदललंस?"

"शिवरामचं दुकान बंद होतं."

"मना नको शिकवू. आताच त्याना फोन केलता. दुकान उघरंच हाय आनि प्लग बी तेच हायेत." मग माझ्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाला, "भायेर कार तो हात. आरं तुजा हात कापते, ते आख्ख्या मानपाऱ्याला ठावं हाय. तुना एकल्यालाच वाटते, कोनाला दिसत नाय."

मी म्हणालो, स्वप्नाला माहीत नाही.

"तिनाच तं मना सांगलं. पावसाल्यात. बोलली, काका, पप्पा स्वताहून सांगत नाय तवर कोनी काय बोलू नका. डाक्तरचा नंबर बी घेऊन ठेवलाय पोरीनं. तू कवा तोंड उघरतंस त्याचीच वाट बघते."

तुळसावहिनी पाणी घेऊन आल्या. तांब्या अर्धाच भरलेला होता.

मी त्या तांब्याकडे बघत राहिलो, आणि मग एकेक उलगडायला लागलं. शांताचा अर्धा कप. दूध महाग झालेलंच नाही, मी येताना डेअरीत विचारून आलो. विहारातला पंखा. महेंद्रने धरलेला हात. डाव्या हाताने करा ना. आणि ही वही. ओळीच्या शेवटी बारीक होत जाणारं अक्षर. माझी मुलगी अभिमानाने नव्हती बघत. ती मोजत होती. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा मी पाच महिने सगळ्यांपासून लपवत हिंडत होतो.

रागही आला. म्हणजे आपण नाटक करायचं, आणि सगळ्या गावाने तिकीट न काढता बघायचं? पण जास्त काळ टिकला नाही. वहिनींसमोर डोळे पुसावे लागले आणि ते दोन्ही हातांनी पुसले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

स्वप्ना कामावरून आली, पाय धुतले. मी हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. तो त्याच्या स्वभावाप्रमाणे नाचायला लागला.

"प्लग बरोबर आहेत," मी म्हणालो. "हात चुकीचा आहे."

एवढंच बोलायचं ठरवलं होतं. मग केशरबाईंचं बोललो, त्या पडल्या असत्या तर ते माझ्यामुळे, हेही बोललो. स्वप्ना उठून माझ्या शेजारी बसली आणि तिने त्या हातावर आपला हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. ती पेशंटला असंच करत असणार. पण ती रडत होती, आणि पेशंटसमोर रडत नसणार.

"मंगळवारी अपॉइंटमेंट घेतलीय," ती म्हणाली. "ऑगस्टपासून दर महिन्याला घेते आणि रद्द करते."

शांता आतून म्हणाली, "झालं का एकदाचं? मी अर्धे कप ओतून कंटाळले."

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा शेड. किल्ली तांदळाच्या डब्यात. काळुराम ओट्यावर, लग्नाला आल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून.

परवा रात्रभर विचार केला होता. डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरांवर पातळ रबरी नळी असते, तिचे तुकडे माझ्या हत्यारांच्या डब्यात आहेत. सकाळी एक लावून बघितला, प्लगच्या डोक्यावर घट्ट बसला. पाना कडक असतो, तो चुकलं तरी रेटतो. नळी रेटत नाही, प्लग तिरका लागला की ती नुसती जागेवर फिरते. म्हणजे हात थरथरला तरी आट्यांना धोका नाही. डिझेलवाल्याचा डिझेलने मान राखला.

पहिला स्वप्नाला दिला. "डोळे मीट. आधी उलटा फिरव. एक बारीक टक लागेल, आटा आट्यावर बसल्याची. लागली? आता सरळ."

"लागली!" पोरगी ओरडली. इतक्या आनंदाने ती दहावीच्या निकालालाही ओरडली नव्हती. बोटांनी जाईल तेवढा गेला, मग टॉर्क पाना, ठरलेला जोर झाला की कट् वाजणारा. "कट् झालं की थांब. एसटीत असतीस तर आणखी आवळलं असतंस आणि मी मेमो दिला असता." दुसरा बसला, तिसरा बसला. तिचे हात फार चांगले आहेत. हे मी आधी कधी बघितलंच नव्हतं, कारण मी आपलेच हात लपवत होतो.

चौथ्याला तिने नळी माझ्यापुढे धरली. "हा तुमचा."

मी नको म्हणालो. काळुराम ओट्यावरून म्हणाला, "घाबरला, मेकॅनिक घाबरला."

घेतला. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. नळीच्या टोकाला प्लग खाली गेला, नळी थरथरत होती, मी थरथरत होतो. उलटा फिरवला. पहिल्यांदा काही लागलं नाही. दुसऱ्यांदा नळी नुसतीच फिरली. काळुराम ओट्यावरून उठून जवळ आला. तिसऱ्यांदा टक. मला ती कानाने नाही, बोटाने ऐकू आली. सरळ फिरवला आणि तो लोण्यात सुरी जावी तसा गेला.

कॉइल, बोल्ट, झाकण, वायपर. वहिनी तांदळातली किल्ली घेऊन आल्या, स्वप्नाने बटण दाबलं आणि आम्ही चौघं कान लावून उभे राहिलो. काहीच आवाज नाही. काळुराम म्हणाला, "गेली." मीही घाबरलो. स्वप्नाने बॅटरीवर भार पडावा म्हणून एसी लावला, आणि मग इंजिन आलं. उचकी नाही, धक्का नाही. आलं हे कळलंसुद्धा नाही. इतक्या मेहनतीनंतर गाडीने निदान थोडी तरी गर्जना करायला हवी होती, पण हायब्रीडला रीतभात नाही.

जुने चार प्लग मी घरी आणलेत. एक केशरबाईंना दाखवायला नेते म्हणाली स्वप्ना. त्या दिवशी तिला उशीर कशामुळे झाला, ते म्हणे आजींना कळायला हवं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

स्वप्नाने ठाण्याला नेलं, त्याच गाडीतून. सिग्नलला इंजिन बंद व्हायचं आणि चालू व्हायचं, मी प्रत्येक वेळी कान लावून बसलो. तिने सांगितलं, पप्पा, आज तपासणी तुमची आहे, गाडीची झाली.

डॉक्टर रवींद्र म्हणून आहेत. बोटं टकटक वाजवायला लावली, चालवलं, एक ओळ लिहायला लावली. मग स्वप्नाने मोबाईलवरचे वहीचे फोटो दाखवले. डॉक्टर ते बघत होते तेव्हा मला लाज वाटली, पण त्यांनी फक्त ओळींची टोकं बघितली. म्हणाले, कंपवाताची सुरुवात दिसते. गोळी सुरू करू, व्यायाम करायचा, दोन महिन्यांनी पुन्हा बघू. आणि काम सोडायचं नाही. मी विचारलं, पाने? म्हणाले, पाने तर रोज. स्कूटरचं मात्र तूर्तास थांबा म्हणाले. शेवटी एक तरी किल्ली गेलीच. वाईट वाटलं. ते लपवत नाही.

लिहायचं मोठ्ठं, एवढं त्यांनी बजावलंय. म्हणून हे पान असं दिसतंय, एका ओळीत चार शब्द. ही वही लवकर संपणार आणि नवीन स्वप्नालाच आणावी लागणार, खरबरीत कागदाची.

आत्ता संध्याकाळचे सहा. शांताने चहा आणून ठेवला. कप काठोकाठ भरलेला. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "सांडला तर सांडला. फरशी मीच पुसते ना?" आणि समोर बसून आपला प्यायला लागली.

मी दोन्ही हातांनी उचलला. थोडा सांडलाच. वरचा डाग त्याचाच आहे. बाकीचा प्यायलो, सगळा, गरम असतानाच.